पिप बंद झालं? आधी पत्रावरची तारीख बघा

पिप म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांत अडणाऱ्यांना ब्रिटनमध्ये मिळणारा सरकारी भत्ता. रिव्ह्यूनंतरचं, म्हणजे त्याच्या फेरतपासणीनंतरचं, पत्र उघडलंत की सगळ्यात आधी वर छापलेली तारीख बघा. बाकीचं चहा घेऊन नंतर वाचलं तरी चालेल. निर्णयाला हरकत घ्यायला त्या छापील तारखेपासून एक महिना तुमच्या हातात असतो. पत्र दारात कधी पडलं, तुम्ही ते कधी फोडलंत, याने तो महिना लांबत नाही. आपल्या मंडळींचा घोळ इथेच होतो. थंडी सुरू झाली की पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जायचं, संक्रांत करून परत यायचं, आणि पत्र इकडे पायपुसण्यावर पडून राहिलेलं.

महिना उलटून गेला असला तरी हातपाय गाळू नका. निर्णयाच्या तारखेपासून तेरा महिन्यांच्या आत उशिराचा अर्ज घेता येतो, मात्र उशीर का झाला याचं पटेल असं कारण द्यावं लागतं. इस्पितळात होता, मानसिक अवस्था ठीक नव्हती, देशाबाहेर होता, काय असेल ते कागदासकट लिहा. परतीच्या विमानाचं तिकीटसुद्धा कागदच आहे. आणि भारतात जातच असाल तर हे लक्षात ठेवा: तेरा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामात पिप चालू राहतं, उपचारासाठी गेलात तर सव्वीस आठवड्यांपर्यंत. कळवून जा, आणि शेजारणीला पत्रं उघडून फोटो पाठवायला सांगा.

मी वकील नाही. मूळची मिरजेची, लेस्टरमध्ये कौन्सिलच्या ऑफिसात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यापासून एका सल्ला केंद्रात लोकांचे फॉर्म भरून देते. समोर बसतात त्यात मराठी, गुजराती, पंजाबी सगळे असतात, पण अडतात सगळे साधारण त्याच जागी. मी सांगते आहे ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये पिपच्या जागी अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे, तिथे फेरनिर्णय मागायला ४२ दिवस मिळतात आणि कागदही वेगळे.

तर पहिलं काम फोनचं. पत्रावर नंबर असतो. फोन करून दोनच गोष्टी मागायच्या. एक, मँडेटरी रिकन्सिडरेशन. आम्ही नुसतं एमआर म्हणतो. म्हणजे पिप देणाऱ्या त्याच सरकारी खात्यातला दुसरा अधिकारी निर्णय पुन्हा तपासतो. हे झाल्याशिवाय ट्रायब्यूनलकडे, म्हणजे खात्याबाहेरच्या स्वतंत्र न्यायमंडळाकडे, जाता येत नाही. फोनवर मागितलं तरी ते मागितल्यात जमा होतं आणि तारीख पाळली जाते, पण कारणं मात्र फोनवर सांगत बसू नका. 'कारणं लेखी पाठवते, त्यासाठी वेळ द्या' एवढंच म्हणा. कोणाशी बोललात, किती वाजता, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुसरी मागणी, तपासणीच्या अहवालाची प्रत. समोरासमोर किंवा फोनवर तपासणी झाली असेल तर त्याला पीए४ म्हणतात. निर्णयाच्या पत्रात त्या अहवालाचा नुसता अर्क असतो, आणि भांडायचं असतं ते मूळ अहवालाशी.

अहवाल हातात आला की पेन्सिल घेऊन बसा. रागाने वाचू नका, कारण त्यात राग येण्यासारखं पुष्कळ सापडतं. 'विमानाने भारतात जाऊन आल्या' असं लिहिलेलं असतं आणि त्यावरून लांबचं चालता येतं असा निष्कर्ष काढलेला असतो. हीथ्रोवर व्हीलचेअर बुक केली होती आणि मुंबईला उतरल्यावर भाच्याने दंडाला धरून गाडीत बसवलं, हे कोणी विचारलेलं नसतं आणि आपणही सांगितलेलं नसतं. 'पर्स हातात धरली होती', म्हणून पकड चांगली. 'नातीला सांभाळतात', म्हणून वाकता येतं. प्रत्येक अशा वाक्यापुढे समासात खरी गोष्ट लिहा: नात नऊ वर्षांची आहे, शाळेतून आपली आपण येते, मी फक्त घरात असते.

आता पॉइंटचं गणित. याला पर्याय नाही. पिप २०१३ साली सुरू झालं तेव्हापासून त्याचा सांगाडा हाच आहे. रोजच्या जगण्याच्या दहा ॲक्टिव्हिटी, हिंडण्याफिरण्याच्या दोन. दोन्ही भाग वेगळे मोजतात. एका भागात आठ पॉइंट झाले की स्टँडर्ड दर, बारा झाले की एन्हान्स्ड. २०२५-२६ मध्ये रोजच्या जगण्याचा स्टँडर्ड दर आठवड्याला ७३.९० पौंड होता आणि एन्हान्स्ड ११०.४० पौंड. हिंडण्याफिरण्याचे २९.२० आणि ७७.०५. तुमचं उत्पन्न किती, बँकेत किती, हे कोणी बघत नाही. आजाराचं नाव काय, यालाही पॉइंट नाही. संधिवात आहे म्हणून काही मिळत नाही, संधिवातामुळे ब्लाउजचे हूक लावता येत नाहीत याचे मिळतात. प्रत्येक ॲक्टिव्हिटीखाली पॉइंट ठरवून दिलेली विधानं असतात. त्यातलं तुम्हाला लागू पडणारं सगळ्यात मोठं एकच धरतात. एकाच ॲक्टिव्हिटीतल्या विधानांची बेरीज होत नाही, वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटींच्या पॉइंटांची होते.

हे समजावून घ्यायला स्वयंपाकाचं उदाहरण बघा, कारण आपल्या बायका इथे हमखास चुकीच्या ठिकाणी जोर देतात. 'पूर्वी वीस माणसांचं रांधायचे, आता पोळ्या लाटता येत नाहीत' असं सांगतात. खरं असतं, पण फॉर्म पोळ्यांबद्दल विचारतच नाही. तो विचारतो एका माणसाचं, एक पदार्थाचं, ताज्या भाजीचं साधं जेवण गॅसवर करता येतं का. म्हणजे बटाटा सोलणं, कांदा चिरणं, पातेलं उचलणं, शिजलं की नाही हे कळणं. ओव्हनशी वाकणं यात येत नाही. तेव्हा पोळ्या विसरा आणि बटाट्याचं सांगा. सोलाणं बोटांत राहतं का? जाड मुठीचं खास सोलाणं लागतं का, उंच स्टुलावर टेकून उभं राहावं लागतं का? अशा साधनाशिवाय होत नसेल तर दोन पॉइंट. कोणीतरी शेजारी उभं राहून चिरून द्यावं लागत असेल तर चार. अजिबात करता येत नसेल तर आठ. सून सगळं करते म्हणून आपण करून बघतच नाही, असं असेल तर तेही स्पष्ट सांगा आणि शेवटचं कधी केलं तेव्हा काय झालं होतं ते लिहा.

'करता येतं' म्हणजे काय, याचीही कायद्यात व्याख्या आहे, आणि अहवाल लिहिणारे नेमके तिच्यावरून उडी मारून पुढे जातात. काम सुरक्षितपणे व्हायला हवं, बऱ्यापैकी नीट व्हायला हवं, जितक्या वेळा लागतं तितक्या वेळा करता यायला हवं, आणि धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीच्या आत व्हायला हवं. चारांपैकी एक जरी नसेल तर ते काम तुम्हाला येत नाही असंच धरलं पाहिजे. एकदा कांदा चिरला आणि संध्याकाळपर्यंत मनगट ठणकत राहिलं, रात्रीचं जेवण मुलाने बाहेरून आणलं, तर ते 'पुन्हा पुन्हा' मध्ये बसत नाही. शिवाय वर्षातल्या निम्म्याहून जास्त दिवस असं होतं का, हे बघतात. इथे लोक घाबरतात: 'दुपारनंतर बोटं मोकळी होतात हो माझी.' होऊ देत. सकाळी कपडे घालायच्या वेळी ती वळत नसतील आणि त्याने खरोखर अडत असेल, तर तो दिवस अडलेलाच दिवस. अप्पर ट्रायब्यूनलने, म्हणजे त्याच्या वरच्या न्यायमंडळाने, २०१५ मध्ये हे मान्य केलेलं आहे.

आता आपल्या स्वभावाबद्दल थोडं, कारण माझ्या मते निम्मे पॉइंट तिथेच जातात. तपासणीला बसलेल्या बाईने 'हाउ आर यू टुडे' विचारलं की आपण हसून 'फाइन, फाइन' म्हणतो. तिने चहा विचारला तर उठून तिलाच करून द्यायला निघतो. दुखतं का, तर 'चालायचंच'. घरच्यांची मदत आपल्याला मदत वाटतच नाही. एका काकांना मी विचारलं, मोजे कोण घालतं? म्हणाले, मीच. शेजारी बसलेल्या काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मोजे रोज काकूच घालत होत्या, फक्त ते काकांच्या लेखी 'मीच' होतं. म्हणून उत्तरं लिहिताना घरातल्या दुसऱ्या माणसाला जवळ बसवा आणि त्याला बोलू द्या. वाढवून काही सांगायचं नाही. पण झाकूनही ठेवायचं नाही, आणि आपली सवय झाकायची आहे.

एमआरचं पत्र इंग्रजीत लिहा, साध्या इंग्रजीत. सीआरएमआर१ नावाचा फॉर्म आहे, साधा कागदही चालतो. प्रत्येक पानावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर. 'निर्णय अन्यायाचा आहे, माझी प्रकृती फार खराब आहे' असली पानं कोणी वाचत नाही. एकेक ॲक्टिव्हिटी घ्या: अहवाल काय म्हणतो, खरं काय आहे, कुठलं विधान लागू पडतं. मजकूर साधारण असा:

'ॲक्टिव्हिटी ४, अंघोळ. अहवालात म्हटलं आहे की मी एकटी अंघोळ करते. मी टबमध्ये एकटी उतरत नाही. फेब्रुवारीत टबच्या कडेला पाय अडकून पडले, उजव्या गुडघ्याला मार लागला, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंद आहे. तेव्हापासून रोज माझे यजमान दंडाला धरून मला आत घेतात आणि बाहेर काढतात. केसही सून धुते, कारण हात खांद्याच्या वर जात नाही. मला ४(ई) हे विधान लागू पडतं, त्याचे तीन पॉइंट मिळायला हवेत.'

बस्स, एवढंच. घरात टब काढून सपाट शॉवर बसवून घेतला असेल तरी घाबरू नका, नियम न बदललेल्या टबबद्दल किंवा शॉवरबद्दल विचारतो. आणि छोटे पॉइंट सोडू नका. आठवड्याच्या गोळ्यांची डबी लागते? एक पॉइंट. टेकायचं स्टूल? दोन. कमरेखालचे कपडे घालायला मदत? दोन. झाले पाच. त्यात वरचे अंघोळीचे तीन मिळाले की आठ, म्हणजे शून्य रुपयांवरून, चुकले, शून्य पौंडांवरून २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ७३.९०.

पुराव्याचं म्हणाल तर जीपीचं 'यांना संधिवात आहे' एवढंच म्हणणारं पत्र पैसे देऊन घेऊ नका. आजार आहे हे कोणी नाकारलेलंच नसतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओ, कन्सल्टंट, पेन क्लिनिक यांची पत्रं बघा, त्यांत 'किती अंतर', 'कुठल्या मदतीने' असे शब्द सापडतात का. मिरजेच्या किंवा पुण्याच्या डॉक्टरांची जुनी फाइल जोडायला हरकत नाही, पण ती आजार कधीपासून आहे एवढंच सांगते. त्यापेक्षा मदत करणाऱ्या माणसाचं पत्र जड असतं. मुलगा, सून, नवरा, शेजारीण, ज्याने जे केलं तेवढंच लिहावं, वेळेसकट. आणि एक-दोन आठवड्यांची रोजनिशी ठेवा. ती गोडगोड नको, अशी हवी: 'मंगळवार. रात्री दोनदा उठले, झोप नाही. सकाळी सलवारीची नाडी सुनेने बांधली. चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं तरी निसटलं, ओट्यावर सांडलं, भाजलं नाही. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जायला निघाले, दुसऱ्या दिव्याच्या खांबाशी थांबले, परत आले.' तो खांब किती मीटरवर आहे ते मुलाला मोबाइलच्या नकाशावर मोजायला सांगा. चालण्याचे पॉइंट मीटरवर ठरतात: दोनशेच्या आत पण पन्नासहून जास्त असेल तर चार, पन्नासच्या आत आठ किंवा काठी लागत असेल तर दहा, वीसच्या आत बारा. 'थोडंसं चालते' याला मीटरमध्ये काही अर्थ नाही.

भाषेचं एक सांगते. इंग्रजी येत नाही याचे पॉइंट मिळत नाहीत. बोलणं, ऐकणं, वाचणं हे तुमच्या मातृभाषेत जमतं का, असं नियम बघतो. इंग्रजी पत्र कळत नाही हे कामाचं नाही, पण चष्मा लावूनही मराठी वर्तमानपत्राचा नेहमीच्या अक्षरातला मजकूर दिसत नसेल तर ते जरूर लिहा.

एमआरच्या उत्तराला खात्यावर वेळेचं बंधन नाही. उत्तर येईपर्यंत जुन्या दराने पैसे चालू राहत नाहीत, तेव्हा घरखर्चाची तजवीज आधी करा. बहुतेक वेळा एमआरमध्ये तोच निर्णय कायम होऊन येतो. लोक इथे थांबतात, आणि माझा जीव तुटतो तो इथे. कारण पुढे ट्रायब्यूनलसमोर सुनावणीपर्यंत गेलेल्या पिपच्या अपिलांत साधारण दोनतृतीयांश निकाल अर्जदारांच्या बाजूने लागतात. एमआरचं उत्तर म्हणजे मँडेटरी रिकन्सिडरेशन नोटीस. तिच्या तारखेपासून पुन्हा एक महिना. अपील सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन करता येतं किंवा एसएससीएस१ फॉर्म भरून. फी नाही. पैसे घेऊन अपील करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सिटिझन्स ॲडव्हाइस, तुमच्या भागातलं लॉ सेंटर किंवा कौन्सिलचे वेल्फेअर राइट्सवाले फुकट मदत करतात.

एक सावधगिरी. तुम्हाला काहीतरी मिळत असेल आणि जास्त मिळावं म्हणून जात असाल, तर ट्रायब्यूनल सगळंच पुन्हा बघू शकतं आणि मिळतंय तेही कमी करू शकतं. शून्यावर आलेल्याला गमावण्यासारखं काही नाही. स्टँडर्डवर असलेल्याने आधी सल्लागाराकडून पॉइंट मोजून घ्यावेत.

अपिलाच्या फॉर्मवर दोन चौकोन नीट भरा. सुनावणी हवी का, याला 'हो'. नुसत्या कागदांवर निकाल मागितलात की जिंकायची शक्यता बरीच घटते. आणि दुभाषा हवा का, याला लाज न बाळगता 'हो', भाषा मराठी. हिंदी लिहू नका. हिंदी सिनेमा कळतो म्हणून 'मुंग्या येतात', 'कळ मारते', 'अवघडतं' हे ट्रायब्यूनलच्या तीन न्यायदात्यांना हिंदीतून सांगता येईलच असं नाही. दुभाषा ट्रायब्यूनल देतं, फुकट. मुलीला सोबत नेता येतं, दुभाषा म्हणून बसवता येत नाही.

अपील गेलं की खात्याला उत्तर द्यायला २८ दिवस असतात. मग घरी जाडजूड गठ्ठा येतो, पानांना नंबर घातलेले. घाबरून कपाटात टाकू नका. त्यात तुमचाच फॉर्म, तोच अहवाल, तीच पत्रं असतात. मागच्या रिव्ह्यूचा, म्हणजे पिप मिळालं होतं तेव्हाचा अहवाल त्यात नसेल तर मागवा. दोन वर्षांपूर्वी आठ पॉइंट होते आणि तब्येत सुधारली असं एकाही डॉक्टरने लिहिलेलं नाही, तर शून्य कसे झाले, हा प्रश्न तिन्ही न्यायदात्यांना आपोआप पडतो. मात्र ते बघतात निर्णयाच्या तारखेची परिस्थिती. त्यानंतर प्रकृती बिघडली असेल तर ते या अपिलात येत नाही, त्यासाठी नवा अर्ज.

मधल्या काळात खात्याकडून फोन येऊ शकतो, की आम्ही इतके देतो. फोनवर हो म्हणू नका. किती पॉइंट, कुठल्या ॲक्टिव्हिटीचे, ते विचारून घ्या आणि सल्लागाराशी बोलून कळवते म्हणा. त्यांनी निर्णय तुमच्या फायद्याचा बदलला की चालू अपील तिथेच संपतं. नव्या निर्णयावर पुन्हा अपील करता येतं, पण पुन्हा पहिल्यापासून.

सुनावणीची तारीख यायला महिने लागतात. खोली कोर्टासारखी नसते, लांब टेबल असतं. समोर न्यायाधीश, एक डॉक्टर, आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली तिसरी व्यक्ती. काळे झगे नाहीत. प्रत्यक्ष, व्हिडिओवर किंवा फोनवर, जे झेपेल ते मागता येतं. डॉक्टर बहुधा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस विचारतात. उत्तर द्यायची घाई करू नका. 'कधी जमतं, कधी नाही' असं उत्तर दिलंत तर पुढचं वाक्य तुम्हीच बोला: आठवड्यात किती दिवस जमत नाही. कसे आलात विचारलं तर पूर्ण सांगा, मुलाने दारापर्यंत गाडी आणली, तिथून लिफ्टपर्यंत एकदा बसले. ठेवणीतली पैठणी नेसून जाऊ नका हे मी हसत सांगते, पण सांगते. ज्या कपड्यांत रोज वावरता तेच घाला, आणि ते कोणी घालून दिले ते विचारलं तर सांगा. दुखायला लागलं तर थांबायला सांगा, उभं राहावंसं वाटलं तर उभे राहा. प्रवासखर्च मागता येतो.

निकाल कधी त्याच दिवशी हातात देतात, नाहीतर पोस्टाने. विरुद्ध गेला तर एका महिन्याच्या आत कारणांचं लेखी निवेदन मागवा. त्यात कायद्याची चूक सापडली तरच अप्पर ट्रायब्यूनलचा रस्ता आहे, आणि तिथे मात्र जाणकाराशिवाय जाऊ नका.

बाजूने लागला तर मागची रक्कम एकत्र जमा होते. ती आली की लोक फाइल मिटतात आणि सांभाळणाऱ्याला विसरतात. नवऱ्याला किंवा सुनेला तुमच्या नावावर केअरर्स अलाउन्स, म्हणजे सांभाळणाऱ्याचा भत्ता, मिळत असेल तर तो पिपच्या रोजच्या जगण्याच्या भागाबरोबर थांबलेला असतो. निकालानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांनी नव्याने अर्ज केला तर तो मागच्या तारखेपासून धरता येतो. त्या अर्जाला ट्रायब्यूनलच्या निकालाची प्रत जोडा.